टायरचं वय कुणी विचारायचं?

चाकणला गाड्या जुळवता जुळवता आपली बरीच मंडळी स्टुटगार्ट-म्युनिकला पोचली. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगणारी माणसं! पण ऑक्टोबर लागला की हीच मंडळी पार्किंगमध्ये एकमेकांना विचारतात, ‘‘विंटर टायर अजून एक सीझन जातील ना रे?’’ उत्तर काय हवंय हे विचारतानाच ठरलेलं असतं. समोरचाही आपलाच. तो टायरला एक लाथ मारतो आणि म्हणतो, ‘‘आरामात!’’

आपल्याकडे टायर संपला हे ठरवायची रीत सोपी आहे. गोटा झाला की रिमोल्ड करायचा आणि तारा दिसल्या की फेकायचा. विंटर टायरची पंचाईत अशी, की तो ठणठणीत दिसत असतानाच निकामी झालेला असतो.

यात कायद्याची मदत होईल म्हणावं, तर कायदा स्वतःच गोंधळलेला. जर्मनीत नक्षी 1.6 मिलिमीटर खोल असली की भागतं. शेजारच्या ऑस्ट्रियात विंटर टायरला किमान 4 लागते, त्याहून कमी भरली तर त्याला विंटर टायर म्हणायलाच ते तयार नाहीत. म्हणजे 3 मिलिमीटरचा टायर बर्फाच्या दिवशी जर्मनीतल्या फ्रायलासिंगमध्ये सज्जन, आणि नदीवरचा पूल ओलांडून साल्झबुर्गला पोचला की गुन्हेगार. बर्फ मात्र दोन्ही काठांवर तोच.

यात ऑस्ट्रियाचं बरोबर आहे. जर्मनीतला वाहनचालकांचा बडा क्लब एडीएसीसुद्धा 4 मिलिमीटरचाच आग्रह धरतो. नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिलिमीटर असते. तिच्या खाचांत बर्फ दाबून बसतो आणि रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. नक्षीच्या ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा वळताना, थांबताना उघडतात आणि पकड घेतात. खाच उथळ झाली की बर्फ बसायला जागाच उरत नाही. थोडक्यात, पैसे आठाचे मोजायचे आणि हिवाळ्यात वापरायचे वरचे चार. हे गणित पुणेरी इंजिनिअरला पटवून दाखवा!

मोजायला यंत्रही लागत नाही. एक युरोचं नाणं खाचेत उभं धरायचं. त्याची सोनेरी कड साधारण 3 मिलिमीटरची. ती पूर्ण बुडून वर थोडी जागा उरली तर ठीक. नाणं खिशात सगळ्यांच्या असतं, पण वाकायला वेळ नसतो.

नक्षी निदान दिसते तरी. वय दिसत नाही. टायरच्या बाजूला ‘डॉट’ या खुणेपाशी लांबलचक मजकूर असतो. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख. 3819 असेल तर 2019 सालचा 38वा आठवडा. गंमत म्हणजे हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू गाडीच्या पोटाकडे गेली असेल तर टॉर्च घेऊन रस्त्यावर आडवं पडावं लागतं. वय लपवण्याची याहून चोख सोय कुठल्या सिनेनटालाही जमलेली नाही.

पारा साधारण 7 अंशांखाली गेला की उन्हाळी टायरचं रबर ताठायला लागतं, हा तिकडचा ढोबळ हिशेब. विंटर टायरचं रबर थंडीतही लवचीक राहील असं घडवलेलं असतं. आपण पैसे मोजतो ते त्या लवचीकपणाचे. आणि तोच हवेतल्या ऑक्सिजनने, ओझोनने, उन्हाने वर्षागणिक उडत जातो. गाडी चालो न चालो. फ्रीजमधली चार दिवसांची पोळी आकाराने गोलच असते, दुमडायला गेलं की कळतं.

मग किती वर्षं? नेमाने गाडी चालवणाऱ्याला चार ते सहा हिवाळे, हा व्यवहारातला आकडा. मिशेलिन कंपनी सांगते, पाच वर्षांनंतर दरसाल तपासून घ्या आणि उत्पादनाच्या तारखेपासून 10 वर्षं झाली की नक्षी शाबूत असली तरी काढून टाका. आपल्या लोकांनी यातलं फक्त ‘10’ वाचलं, आणि तेही हमी समजून.

सरकार मात्र वय नाही, टायरवरच्या खुणा तपासतं. 2017 अखेरपर्यंत बनलेले नुसते ‘एम+एस’ छापाचे टायर जर्मनीत 30 सप्टेंबर 2024पर्यंत चालले. आता तीन शिखरं आणि हिमकण असलेलं चिन्ह लागतं. बर्फात ते नसलं तर 60 युरो दंड आणि चालकाच्या खात्यावर एक दंडगुण. चिन्ह असलेला टायर मात्र बारा वर्षांचा म्हातारा असला तरी त्याला कुणी वय विचारत नाही. विचारतात ते ट्रेलरला! गाडीमागे ट्रेलर जोडून ताशी 100ने जायची परवानगी हवी असेल, तर ट्रेलरचे टायर सहा वर्षांच्या आतले पाहिजेत. सुट्टीतल्या तंबू-खुर्च्यांचा जीव जपायलाच हवा. पुढच्या गाडीत काय, फक्त बायकामुलं!

व्यापारीही काही कमी नाहीत. दुकानात नीट ठेवलेला टायर पाच वर्षांचा होईपर्यंत ‘नवा’ म्हणून विकता येतो. तेव्हा बिल देण्याआधी ते चार आकडे वाचा. जुन्या बाजारात तर ‘दोनच हिवाळे वापरलेले’ अशी पाटी असते. मधली सात वर्षं ते टायर तळघरात काय करत होते, हे पाटीवर नसतं.

आणि काटकसरीचा शेवटचा अंक. झिजत आलेले विंटर टायर एप्रिलमध्ये काढायचेच नाहीत, उन्हाळाभर चालवून ‘वसूल’ करायचे. तापल्या रस्त्यावर ते मऊ रबर भराभर झिजतं आणि ब्रेक दाबल्यावर गाडी उन्हाळी टायरपेक्षा लांब जाऊन थांबते. वसुली होते, नाही असं नाही. फक्त ती पुढच्या गाडीवाल्याचा विमा करतो.