मनगटावरचा मुनीम

पुण्याला कंपनीत असलेल्या चिरंजीवांनी दिवाळीला आम्हाला घड्याळ पाठवलं. वेळ सांगणं हे त्याचं सगळ्यात शेवटचं काम. सोबत फोनवर ताकीद आली : "बाबा, रोज दहा हजार पावलं. मला इथं दिसतं." दहावीपर्यंत त्याचं प्रगतिपुस्तक आम्ही बघायचो. आता आमचं तो बघतो.

नायगावात असे आम्ही एकटे नाही. पहाटे नरसीच्या रस्त्यावर निम्मं गाव मनगटं चमकवत निघतं. पूर्वी समोरचा भेटला की "कापसाला काय भाव?" विचारायचा. आता "किती झाले?" एवढंच विचारतो, आणि उत्तर ऐकून त्याचा चेहरा पडतो. आमच्या ओळखीचे एक आडतवाले चहाच्या टपरीवर बसल्या बसल्या उजवा हात झोक्यासारखा हलवत असतात. आधी वाटलं, वाताचा त्रास असेल. चौकशी केली तर म्हणाले, "चारशे राहिलेत."

हे दहा हजार कुण्या वैद्याने सांगितलेले नाहीत. टोकियोचं ऑलिम्पिक १९६४ मध्ये झालं आणि पुढच्याच वर्षी यामासा नावाच्या जपानी कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल होता, जाहिरातीला शोभला. २०१९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी जवळपास सतरा हजार वयस्कर बायकांची पावलं मोजली. रोज चार हजार चारशेच्या आसपास चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. आम्ही हे चिरंजीवांना कळवलं. ते म्हणाले, "बाबा, कारणं नका सांगू."

आडतीवरचा जुना मुनीम आठवतो का? धनी सांगेल ते लिहायचा, पण लिहायचा स्वतःच्या खात्यात बसेल तसं. हे घड्याळ त्याच्याच घराण्यातलं. त्याच्या पोटात हालचाल ओळखणारी एक बारीक चकती असते. हात लयीत हलला की ती एक पाऊल जमा करते. पाय तिला दिसतच नाहीत. घरात परीक्षा घेतली. आमच्या हिने घड्याळ बांधून ज्वारीच्या भाकरी थापल्या. वीस भाकरी होईपर्यंत ती चुलीसमोर बसूनच मळ्यात पोचली होती. मग डोक्यावर हंडा, एका हाताने धरलेला, दुसऱ्या हातात कळशी, अशी आडावरून तीन खेपा करून आली. मुनिमाने खात्यात मांडलं जवळजवळ शून्य, कारण दोन्ही हात अडकलेले. वर ती खुरपायला बसली तेव्हा त्याने थरथरून सूचना केली : 'तुम्ही बराच वेळ बसून आहात. उठा, थोडी हालचाल करा.' ती काय म्हणाली ते वर्तमानपत्रात छापता येत नाही.

घड्याळाच्या पोटाशी हिरवा दिवा लुकलुकतो. गावात आधी त्याला कॅमेरा समजत होते. काम साधं आहे. रक्त हिरवा उजेड शोषतं. ठोका पडला की मनगटात रक्त जास्त येतं, परत येणारा उजेड कमी होतो. हे वर-खाली मोजलं की नाडी. पट्टा ढिला असला, हात गार पडला, की हिशोब चुकतो. आमच्या मायच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण आहे. तिच्या हाताला घड्याळ बांधलं तर त्याला नाडीच सापडेना, कारण गोंदणाची शाई उजेड अडवते. माय म्हणाली, "काय म्हणायलंय रे हे? मेले का मी?" तिची समजूत घातली आणि खात्रीसाठी घड्याळ अर्धापूरच्या केळाला बांधलं. केळाचे ठोके मिनिटाला ७८ निघाले. कोणत्याही गोष्टीवरून उजेड परत आला की स्वस्त घड्याळ त्यात ठोका शोधून काढतं. नाही म्हणायचं त्याला शिकवलेलंच नाही.

तरी मुनिमाला सरसकट खोटा म्हणणार नाही. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी चांगली घड्याळं बऱ्यापैकी धरतात. २०१८ मध्ये अ‍ॅपलच्या घड्याळातल्या ईसीजीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिली. ठोके अनियमित पडत असतील तर ते इशारा देतं, माणूस मग डॉक्टरकडे जातो. पण आठवडी बाजारात याच मुनिमाचे चुलतभाऊ मिळतात. ते बाराशे रुपयांत बीपी सांगतात आणि सुई न टोचता शुगरही सांगतात. त्याच अमेरिकी प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावलं की त्वचेला न टोचता शुगर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आपण मंजूर केलेली नाही. आमच्या एका व्याह्यांना घड्याळ रोज शुगर ९८ दाखवतं. ते त्या भरवशावर जिलबी खातात.

झोपेचंही तसंच. हात हलत नाही आणि नाडी मंदावली, यावरून ते अंदाज बांधतं. आमच्या मोटारीला लाइट येते रात्री दीडला. उठायचं, बॅटरी घ्यायची, गव्हाला पाणी फिरवायचं. सकाळी घड्याळ म्हणतं, 'तुमच्या झोपेचा दर्जा खराब आहे. झोपण्याची वेळ ठरलेली ठेवा.' हे त्याने आम्हाला सांगून उपयोग काय? लाइट सोडणाऱ्याच्या मनगटावर बांधायला पाहिजे.

ज्यांच्यासाठी घड्याळ हौस नाही, अशीही मनगटं आहेत. नागपूर महापालिकेने काही वर्षांमागे सफाई कामगारांना जीपीएसची घड्याळं दिली. झाडू घेऊन माणूस कोणत्या गल्लीत आहे, ते कार्यालयात बसून पडद्यावर बघायचं. त्या घड्याळात दहा हजार झाल्यावर फटाके उडत नाहीत.

आमचं कसं होतंय ते सांगतो. फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर रोज रात्री यादी लागते आणि आम्ही खालून दुसरे. शिवरात्रीनंतर एक युक्ती सुचली. घड्याळ सालगड्याच्या हाताला बांधलं. दीड फुटी वखराने एक एकर वखरायचं तर नऊ किलोमीटर चालावं लागतं, म्हणजे बाराएक हजार पावलं, तीही ढेकळांतून. संध्याकाळी बघतो तर सतराशे! रुमण्यावर दाबलेला हात हलेल कसा? मग पुढच्या दिवशी घड्याळ त्याच्या पायाला बांधलं. तो वाकून बघत म्हणाला, "मालक, हे तर डेरीतल्या गायीला बांधतेत तसं झालं." खरंच आहे. गाय माजावर आली की जास्त चालते, म्हणून मोठ्या गोठ्यांत पायाला असंच यंत्र असतं. आम्ही म्हटलं, "तुला काय वजन आहे का त्याचं?" तो म्हणाला, "वजन नाही. पण पाडव्याला साल ठरवताना हा आकडा धरायचा का?" या विषयावर आम्ही घड्याळात बघितलं आणि उशीर झाल्याचं सांगितलं.

त्या दिवशी एकवीस हजार भरले. ग्रुपवर टाळ्या पडल्या, आडतवाल्यांचा हात दुखून आला. अ‍ॅपने कळवलं की तुमचं शारीरिक वय खऱ्या वयापेक्षा वीस वर्षांनी कमी आहे. रात्री चिरंजीवांचा फोन, आवाज काळजीचा : "बाबा, एकवीस हजार? या वयात एवढं अंगावर काढायचं नसतं. उद्या दिवसभर आराम करा."

पोराचा जीव आहे, मोडवत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही बाजेवरून उठलो नाही. घड्याळ सकाळी सहालाच वखरावर गेलं होतं.