प्रशिक्षणवर्गातल्या पिरॅमिडास खुले पत्र

पिरॅमिडराव,

तुम्हाला नमस्कार करायची इच्छा होत नाही, म्हणून थेट बोलते. प्रशिक्षण शिक्षकांचं असो की बँकेतल्या नव्या अधिकाऱ्यांचं, पहिल्याच तासाला पडद्यावर तुम्ही हजर, थराथरावर टक्के लिहिलेले! वाचलेलं 10 टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं 20, स्वतः केलेलं 75, दुसऱ्याला शिकवलेलं 90. समोरची शहाणी माणसं ते वहीत उतरवून घेतात. हे कोणी मोजलं, कोणावर, किती दिवसांनी, असं विचारलं की पुढची स्लाइड येते.

तुमचं मूळ मला ठाऊक आहे. शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी 1946 साली दृक्-श्राव्य साधनांवरच्या पुस्तकात अनुभवांचा शंकू काढला. तळाला प्रत्यक्ष अनुभव, टोकाला शब्द. त्यात टक्केवारी नव्हती. ती मागाहून चिकटवली गेली आणि तुम्ही डेल यांच्या नावावर मिरवत राहिलात.

खरी मोजणी कशी असते ते पाहा. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, 81 विरुद्ध 75 टक्के. आठवड्याने पारडं फिरलं: वाचणारे 42, आठवून लिहिणारे 56. म्हणजे नुसतं वाचणाऱ्यांच्याही आठवड्यानंतर 42 टक्के लक्षात होतं. तुमचे 10 कुठून आले?

पण माझा खरा राग आकड्यांवर नाही. तुमच्या जोरावर प्रशिक्षक समोर कोण बसलंय हे पाहतच नाही. ‘कृती’ हवी म्हणून गट पाडतो, चार्टपेपर आणि स्केचपेन वाटतो. वर्षानुवर्षं वर्ग सांभाळलेल्या बाई चित्रं रंगवत बसतात. चौथीतली जी मुलं अजून जोडाक्षरांवर अडखळतात, त्यांचं काय करू, हा प्रश्न त्या आल्या तसाच घरी नेतात. मोठी माणसं अनुभव गाठीला बांधून येतात आणि आपल्या कामात अडलेलं सोडवायला शिकतात, हे प्रौढशिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांनी 1970 च्या दशकातच सांगितलंय. तुमच्यावर ना त्या अनुभवाला जागा, ना त्या अडचणीला.

म्हणून आता पडद्यावरून उतरा. पहिला तास त्या बाईंच्या प्रश्नाचा. जो उपाय ठरेल तो त्यांनी तिथेच करून पाहावा, वर्गात वापरावा, आणि आठवड्याने प्रशिक्षकाने फोन करून विचारावं: वही न उघडता सांगा, काय केलंत आणि कुठे अडलं?