आयोवाकर

डिसेंबर लागला की आमच्या आयोवाकरची आजी निरक्षर होते.

एरवी ती चांगली शिकलेली बाई आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, सांगलीत विश्रामबागेत राहते, पेन्शनचं पासबुक स्वतः भरून आणते आणि बँकेतल्या पोराने चुकीच्या रकान्यात आकडा टाकला तर त्याला अख्ख्या रांगेसमोर सरळ करते. पण डिसेंबर हा अमेरिकेतल्या विद्यापीठांचे अर्ज भरण्याचा महिना. अर्जाला 'स्टेटमेंट ऑफ पर्पज', म्हणजे एसओपी, जोडावं लागतं. मी लिहायला का लागलो आणि मला तुमच्याकडेच का यायचंय, असा दोन पानी मजकूर. त्या दोन पानांत आजी चुलीपुढे बसते, अक्षरओळख विसरते आणि धुरातून नातवाला गोष्टी सांगत राहते. विश्रामबागेतल्या त्या फ्लॅटमध्ये चूल कुठे मांडायची, हा प्रश्न अमेरिकेतल्या कुणाला पडत नाही.

हा इसम तुम्हाला माहीत आहे. तुमच्या गावात तो एमपीएससीवाला असेल, पीएचडीच्या विषयमान्यतेची वाट बघणारा असेल, किंवा पटकथा घेऊन मुंबईला जाऊन येणारा. पोटजाती वेगळ्या, मूळ जात एकच: अर्जदार.

'आयोवाकर' हे नाव साताऱ्यातल्या स्टाफरूमने ठेवलं. आयोवा विद्यापीठात 1936 पासून 'रायटर्स वर्कशॉप' चालतं. तिथे कथा-कविता लिहिण्यात रीतसर पदवी मिळते, एमएफए. कथेच्या जागा पंचवीसेक आणि अर्ज हजारावर. वारकऱ्याने पंढरपूर म्हणावं तसं हा आयोवा म्हणतो. अर्ज तो इतरही सात-आठ ठिकाणी करतो, पण ते वाटेतले मुक्काम.

आमच्या भागात हे पटवून देणं सोपं नाही. स्टाफरूममध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे, माडगूळचे दोघे भाऊ बघ, गदिमा आणि व्यंकटेश. दोघंही कॉलेजची पायरी चढले नाहीत. तुला गोष्ट लिहायला विमान कशाला लागतं?" यावर तो दिलीप चित्रे काढतो. चित्रे 1975 साली आयोवाला गेले होते, हे खरं. पण तो आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम. नाव झालेल्या लेखकांना तिथे पाहुणे म्हणून बोलावतात, पदवीबिदवीशी त्याचा संबंध नाही. हे मी त्याला सांगितलं. "सर, दार वेगळं असेल," तो म्हणाला, "गाव तेच ना?"

घरच्यांचा प्रश्न आणखी थेट असतो. हे एमएफए झालं की सेट-नेटमधून सूट मिळते का?

खरा जीव अडकलाय तो टीएशिपमध्ये. टीचिंग असिस्टंटशिप. फी माफ, दरमहा विद्यावेतन, आणि बदल्यात आठवड्याला वीसेक तास काम. काम म्हणजे बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाच्या पोरांना निबंध लिहायला शिकवणं. त्याने हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "म्हणजे कमवा व शिका." त्याला राग आला. खरं तर येण्याचं कारण नव्हतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण ही गोष्ट साताऱ्याच्या मातीत इतकी रुजवली की इथल्या माणसाला त्यात अमेरिकन असं काही दिसतच नाही. आयोवाकर स्वतः त्याच योजनेतून शिकला. आजीकडे पैसे होते, पण "कमवून शिक, अंगी लागेल" हा तिचा हुकूम. पहाटे उठून कॉलेजच्या बागेला पाणी घालायचं, मग तासाला बसायचं. यातलं एक अक्षर त्याच्या एसओपीत नाही. "त्यात काय सांगायचं, सर? सगळेच करायचे."

सगळ्यांनी केलेलं चालत नाही, म्हणून आजीने कधीच न केलेलं तिच्या नावावर. एका वर्षी तिला 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला पाठवलं. त्या साली ती डीएडला होती. पुढच्या वर्षी ती जात्यावर बसली. एका अर्जात तिला 'साउथ सातारा'ची रहिवासी केलं. सांगली जिल्हा 1949 साली 'दक्षिण सातारा' या नावाने निघाला आणि 1960 मध्ये त्याचं सांगली झालं, तेव्हा तांत्रिकदृष्ट्या ते खोटं नव्हतं. एकूण मजकुरातलं तेवढंच.

मग त्याची कीर्ती पसरली. एमएसला जर्मनी-आयर्लंडला निघालेली पोरं त्याच्याकडून एसओपी लिहून घेऊ लागली. पैसे तो घेत नाही, फार तर भडंगाचा पुडा. पण आजी मात्र प्रत्येकाला देतो. मेकॅनिकलवाल्याची आजी शिलाई मशीनचा पट्टा दुरुस्त करते. डेटा सायन्सवालीची आजी हळदीच्या पोत्यांचे हिशेब तोंडपाठ ठेवते. पब्लिक हेल्थवाल्याची सुईण होती. विश्रामबागेतली एक निवृत्त मुख्याध्यापिका आज निम्म्या युरोपच्या प्रवेश कार्यालयांत फायलीला लागलेली आहे.

तिला याचा पत्ता नाही असं समजू नका. मी समोर बसलो असताना तिने विचारलं, "यंदा मी काय करते रे?"

"यंदा तू अंगणात रांगोळीतून गोष्टी काढतेस."

"गुडघे दुखतात म्हणून सांग त्यांना." तिने चष्मा लावला, कागद ओढून घेतला, लाल पेन काढलं आणि दुसऱ्याच ओळीवर थांबली. "इलिटरेटमध्ये दोन एल असतात, गाढवा."

शिफारसपत्रांची गोष्ट निराळी. ती तीन लागतात. आपल्याकडचे गुरुजन प्रेमळ. "तूच टाईप करून आण, मी सही करतो" म्हणतात. त्याने तिन्ही लिहिली आणि मला दाखवली. पहिल्या पत्रातले विभागप्रमुख वाक्य सुरू करून मध्येच आपल्या 1980 सालच्या संशोधनाकडे वळतात आणि विद्यार्थ्याचं नाव विसरतात. दुसरे कवी आहेत. स्तुती करताना त्यांची जीभ जड होते आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी ते एक चिमटा काढून घेतात. तिसऱ्या बाई कडक. त्या चक्क लिहितात की हा मुलगा आळशी आहे आणि शेवट घाईने करतो. तिन्ही माणसं पानावरून उठून चालत आली असती. अर्जाला जोडायच्या त्याच्या सबंध लेखन-नमुन्यात इतकं जिवंत कुणी नव्हतं. मी म्हणालो, "अरे, हीच कथा पाठव."

तो घाबरला. "सर, ही कॉन्फिडेन्शियल असतात."

मला तो डोकेदुखी वाटतो, अजूनही. पण एकदा त्याच्या खोलीवर बीकॉम पहिल्या वर्षाच्या वह्या पडल्या होत्या. तासिका तत्त्वावर तो सक्तीचं इंग्रजी शिकवतो. माण तालुक्यातल्या एका पोराने गाईडमधून 'माझं गाव' उतरवलं होतं: गावाशेजारून सुंदर नदी वाहते. खाली आयोवाकरचं अक्षर: 'माणगंगा शेवटची कधी वाहताना पाहिलीस? ते लिही.' पोराने पुन्हा लिहिलं होतं. टँकर, हंड्यांची रांग, आणि रांगेत नंबर धरून ठेवायला ठेवलेली एक चप्पल. इंग्रजी पार मोडकं. आयोवाकर महिनाभर ते पान खिशात घालून फिरत होता, भेटेल त्याला वाचून दाखवत होता. स्वतःची कथा त्याने अशी कधी कुणाला दाखवलेली नाही.

एका वर्षी एका ठिकाणाहून प्रवेश आला. टीएशिप नव्हती. ती मिळालेल्यांनी 15 एप्रिलपर्यंत हो-नाही कळवायचं असतं, मग कुणी सोडली तर प्रतीक्षायादी सरकते. म्हणून तो थांबला. नंतर कुणी काही कळवलं नाही. आजीने मुदत ठेवीच्या पावत्या टेबलावर आणून ठेवल्या होत्या. त्याने त्या उचलून परत कपाटात ठेवल्या, किल्ली तिच्या हातात दिली. त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

उन्हाळ्यात तासिकावाल्यांची नेमणूक संपते. सुट्टीचा पगार नसतो. पुढचं सत्र आलं की पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, त्याच केबिनमध्ये पुन्हा मुलाखत. अमेरिकेतले लोक निदान लेखन-नमुन्याची तीस पानं वाचून नाही म्हणतात. इथे फाईलमधल्या झेरॉक्स मोजतात, साक्षांकित आहेत ना बघतात, आणि वर्षभर त्याच्यासोबत चहा प्यालेले सर गंभीर चेहरा करून विचारतात, "अध्यापनाचा काही अनुभव?"

यंदा समितीत बाहेरचे एक तज्ज्ञ होते. त्यांनी विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"याच खुर्चीवर, सर," आयोवाकर म्हणाला. "मुलाखतीला."