बँकेचा घरजावई

३ जानेवारी २००९ चा मुहूर्त धरून बिटकॉइनचा पहिला ब्लॉक जन्माला आला. लंडनच्या ‘टाइम्स’मधली त्या दिवशीची बातमी त्यात कोरलेली आहे : ब्रिटनचे अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा वाचवायच्या बेतात. म्हणजे बारशालाच बँकांच्या नावाने बोटं मोडून झाली. सरकार नको, बँक नको, मधला दलाल तर नकोच.

आता २०२३ चा मार्च पाहा. बिटकॉइनच्याच गोतातलं यूएसडीसी नावाचं एक ‘स्थिर’ नाणं आहे. एक नाणं म्हणजे एक डॉलर, ही हमी. हमीचे डॉलर ठेवले कुठे? बँकेत! १० मार्चला सिलिकॉन व्हॅली बँकेला टाळं लागलं आणि नाणं काढणाऱ्या सर्कल कंपनीने जाहीर केलं की, सुमारे ४० अब्ज डॉलरच्या गंगाजळीतले ३.३ अब्ज तिथे अडकलेत. दुसऱ्या दिवशी स्थिर नाणं ८८ सेंटच्याही खाली. रात्रंदिवस, सणावारीही चालणारा हा क्रांतिकारी बाजार सोमवारी बँका उघडायची वाट बघत बसला. सासऱ्याशी भांडून वेगळं बिऱ्हाड केल्याच्या गावभर बाता आणि दोन्ही वेळचा डबा सासरहून!

रविवारी, १२ मार्चला अमेरिकी सरकारने त्या बँकेतल्या सगळ्या ठेवींची हमी घेतली. नाणं पुन्हा डॉलरला आलं. तत्त्वाला जागून कुणी ते ३.३ अब्ज नाकारल्याचं ऐकिवात नाही.

पण ही बँक बुडाली का? अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडने, व्याजदर वाढवले, तशी तिच्याकडच्या जुन्या रोख्यांची किंमत पडली आणि ठेवीदार पैसे काढायला धावले. त्याच व्याजवाढीने आधी बिटकॉइनलाही लोळवलं होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरच्या घरात, वर्षभरात १६ हजारांच्या खाली. शेवटचा धक्का एफटीएक्स या क्रिप्टो बाजारपेठेच्या दिवाळ्याचा, हे खरं. पण महागाईवरचा उतारा म्हणून विकलेलं हे नाणं महागाई भडकताच नॅस्डॅकच्या शेअरांचं बोट धरून घसरत होतं, त्याचं काय?

जानेवारी २०२४ पासून तर वॉल स्ट्रीटच थेट बिटकॉइन बाळगणारे ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे विकले जाणारे फंड, विकते. त्यात ब्लॅकरॉक ही गुंतवणूक कंपनी आघाडीवर. तिचे प्रमुख लॅरी फिंक यांनी २०१७ मध्ये बिटकॉइनला काळा पैसा धुण्याचा निर्देशांक म्हटलं होतं.

तेव्हा ‘हे बँकेच्या पलीकडचं आहे’ म्हणत कुणी नाणं विकायला आलं, तर पैसे कुठल्या बँकेच्या खात्यात भरायचे, एवढंच विचारा.