ललिताबाईंना नेहमी सुनाच का?

ललिता पवारांवर आपल्या सिनेमावाल्यांनी एक मोठा अन्याय केला. त्यांच्यासमोर जन्मभर सुनाच उभ्या केल्या.

त्याही कशा? डोक्यावर पदर, हातात चहाचा ट्रे आणि डोळ्यांत ग्लिसरीन. असल्या सुनेला रडवायला ललिताबाई कशाला हव्यात? ते काम मध्यम प्रतीची कुठलीही आत्या जाता जाता करून जाते. ज्या बाईच्या डोळ्यात अख्खा जिल्हा चालवायची ताकद होती, तिला या लोकांनी पोळी जाड झाली की पातळ, एवढ्यावर खर्ची घातलं.

त्यांचं काम जरा थांबून बघण्यासारखं असे. आधी मान किंचित तिरकी व्हायची. मग डावा डोळा बारीक. ओठाचा एक कोपरा ओढला जायचा, हात पदराच्या टोकाशी यायचा. बाई अजून एक शब्द बोललेल्या नसत, पण सुनेच्या हातातली कपबशी खुळखुळायला लागलेली असे. पुढचे संवाद म्हणजे निव्वळ उपचार. लेखकाला त्याचे पैसे मिळत, एवढाच त्यांचा उपयोग.

याचा परिणाम असा झाला की घरोघरी एकेक ललिता पवार निघाली. आमच्या एका मावशींना हा किताब सुनांनी स्वयंपाकघरात, एकमताने आणि अर्थातच गुपचूप बहाल केला होता. पण आमच्या घराण्यात गुप्तता टिकत नाही. मावशींच्या कानावर ते गेलंच. सगळ्यांनी श्वास रोखून धरले. मावशी शांतपणे लसूण सोलत म्हणाल्या, "म्हणेनात का. त्या बाईला फिल्मफेअर मिळालंय."

मिळालंच होतं. पण गंमत बघा, ते सासूगिरीबद्दल नव्हे. ते मिळालं 1959 च्या 'अनाडी'तल्या मिसेस डिसाला. राज कपूरला खोलीवरून वाट्टेल ते बोलणारी आणि आतून त्याच्यासाठी जीव टाकणारी घरमालकीण. म्हणजे बाईंचा सर्वांत गाजलेला सन्मान मायेबद्दलचा, आणि कीर्ती मात्र छळाची. पुढे 1971 मध्ये 'आनंद'मध्येही त्या मेट्रन डिसाच होत्या. दोन्हींचे दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी. बारा वर्षांत त्यांनी बाईंना घरमालकिणीची मेट्रन अशी बढती दिली, पण आडनाव बदललं नाही. माझ्या मते बाईंना विचारायची त्यांची हिंमत झाली नसावी.

मुळात त्या सासू व्हायला आल्याच नव्हत्या. मूकपटांच्या काळात त्या लहान वयात कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि तिसाच्या दशकात चक्क नायिका होत्या. चित्रपटांच्या निर्मितीतही त्यांनी हात घातला. 1942 साली 'जंग-ए-आज़ादी'च्या चित्रीकरणात मास्टर भगवान, म्हणजे आपले 'अलबेला'वाले भगवानदादा, यांनी मारायची लुटुपुटूची थप्पड खरोखरच जोरात बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, उपचार बरेच चालले, आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेची वाट तिथे बंद झाली. ज्या डोळ्याला आपण खाष्टपणा समजून दचकत आलो, ती एक जुनी दुखापत होती. बाईंनी तिचंच भांडवल केलं आणि त्या व्याजावर पुढची चार-पाच दशकं धंदा केला. असला हिशेब भल्याभल्या शेठजींना जमलेला नाही.

आता ती थप्पड हवेतच राहिली असती तर? ललिताबाई आणखी आठ-दहा वर्षं नायिका राहिल्या असत्या, बागेत झाडाभोवती फिरल्या असत्या, आणि मग एक दिवस रीतीप्रमाणे निवृत्त झाल्या असत्या. त्यात त्यांचं भलं झालं असतं की नाही देव जाणे, पण महाराष्ट्रातल्या सुनांची मोठीच पंचाईत झाली असती. सासू मोजायची कशात?

किंवा समजा, त्या सिनेमात गेल्याच नसत्या. जन्म 1916, गाव येवला, मूळ नाव अंबा, वडील लक्ष्मणराव सगुण रेशमाच्या आणि सुती कापडाच्या व्यापारातले. म्हणजे ललिताबाई सरळ दुकानाच्या गादीवरच बसायच्या. येवल्यात पुण्याच्या चार बायका पैठणी घ्यायला शिरल्या आहेत. बत्तीस पैठण्या उलगडून झाल्या. एकीने नाक मुरडून विचारलं, "यातच जरा स्वस्तातलं दाखवा ना." अंबाबाईंची मान तिरकी होते. डोळा बारीक होतो. पुण्याच्या बायका, हो, पुण्याच्या, काही न बोलता सांगितलेल्या भावात चार पैठण्या घेतात आणि घड्या स्वतः घालून देतात. हा चमत्कार इतिहासात व्हायचा राहून गेला.

दहावीच्या परीक्षेला त्यांना नुसतं वर्गाच्या दारात खुर्ची टाकून बसवलं असतं, तर भरारी पथकांचा भत्ता वाचला असता. मुलांनी खिशातल्या चिठ्ठ्या आपणहून आणून दिल्या असत्या, आणि दोघातिघांनी मागच्या वर्षीच्याही. थकीत कर्जाच्या वसुलीबद्दल मी काही बोलत नाही. मोठमोठ्या माणसांची नावं निघतील.

पण मला खरी हळहळ वाटते ती हुकलेल्या भूमिकांची.

'शोले'तली मावशी घ्या. लीला मिश्रांनी ती झकासच केली, वाद नाही. अमिताभ वीरूचं स्थळ घेऊन येतो आणि स्तुतीच्या मिषाने मित्राचा जुगार, दारू, सगळं बाहेर काढतो. बिचाऱ्या मावशी ऐकतच राहतात. तिथे ललिताबाई असत्या तर? जयने "वीरू तसा स्वभावाने चांगला" एवढं म्हणेपर्यंत डोळा बारीक झाला असता. पुढच्या मिनिटाला जय स्वतःचे गुन्हे सांगत सुटला असता. तुरुंगात कितीदा गेलो, नाणं दोन्ही बाजूंनी सारखंच कसं आहे, सगळं. मग वीरू दारू पिऊन पाण्याच्या टाकीवर चढला असता आणि जीव देतो म्हणून ओरडला असता. लीलाबाई घाबरल्या. ललिताबाईंनी खालून नुसतं सांगितलं असतं, "मार उडी. पण पलीकडच्या अंगाला. इकडे पापड वाळत घातलेत." धर्मेंद्र तासाभरात आंघोळ करून नोकरी शोधायला निघाला असता.

आणि गब्बर! धान्य वसूल करायला त्याची माणसं रामगढात शिरली आहेत. सगळं गाव खाली मान घालून उभं. ललिताबाई तेवढ्या पुढे येतात. "गेल्या खेपेची रिकामी पोती कुठायत?" कालियाला उत्तर येत नाही. तो तसाच घोडा वळवून गब्बरकडे जातो, आणि ठाकूरला हात नसल्याची अडचण उरतच नाही. सलीम-जावेदना पुढची दोन तासांची पटकथा कशाने भरायची हा प्रश्न पडला असता, ते मान्य.

'दीवार'मध्ये निरूपा रॉयच्या जागी त्या असत्या तर त्या सुप्रसिद्ध प्रसंगाचा अर्थच पालटला असता. अमिताभ बंगला-गाडी मोजून दाखवतो, आणि शशी कपूर खालच्या आवाजात सांगतो की माझ्याजवळ आई आहे. अमिताभ हळहळून म्हणाला असता, "काही मदत लागली तर सांग."

ऐतिहासिक भूमिकांत त्यांच्या वाट्याला 1944 च्या 'रामशास्त्री'त प्रभातने आनंदीबाई दिली. निवड अचूक. राघोबांनी नारायणरावांबद्दल लिहिलेल्या पत्रातल्या 'ध'चा 'मा' करायला इतर कुणाला बोरू लागला असता; ललिताबाईंनी पत्राकडे नुसतं बघितलं असतं तर 'ध' आपला आपण 'मा' झाला असता. पण तिथेही बघा, प्रतिस्पर्धी कोण? कोवळा पुतण्या. त्यांना एकदा तरी बरोबरीचा गडी द्यायचा होता. 'मुगल-ए-आज़म'मधला अकबर चालला असता. पृथ्वीराज कपूर तो भरदार आवाज लावून गरजले असते आणि बाईंनी शांतपणे विचारलं असतं, "झालं ओरडून?"

हे सगळं मी विनोदाने म्हणतोय, पण 1962 चा 'प्रोफेसर' बघताना माझी गाडी जरा वेगळ्या रुळावर जाते. त्यात त्या भाच्यांना धाकात ठेवणारी करडी मावशी आहेत. शम्मी कपूर पिकली दाढी लावून म्हातारा प्रोफेसर बनून घरात येतो, आणि ही करडी बाई चक्क त्याच्या प्रेमात पडते. लाजते, नटते. हसण्यासाठीच योजलेले प्रसंग आहेत ते आणि हसू येतंही. पण त्या लाजण्यात एक अचूकपणा आहे. नजर उचलायची की नाही, या विचारात ती बाई क्षणभर अडकते, आणि त्या क्षणी समोर खाष्ट वगैरे कुणी नसतं. बाईंना प्रेम करता येत होतं, हे लेख टंडन यांना दिसलं. बाकीच्यांनी त्यांना किल्ल्यांचा जुडगा देऊन मोकळं केलं. आधीच्याच वर्षी 'जंगली'त याच शम्मीची आई म्हणून घरात हसायलासुद्धा बंदी घालणाऱ्या बाई त्या याच, हे आठवलं की टोपी काढावीशी वाटते. मी टोपी घालत नाही, तरीही.

शेवटी राहिली मंथरा. ती त्यांनी दोनदा केली. एकदा 1961 च्या 'संपूर्ण रामायण'मध्ये आणि मग 1987 मध्ये दूरदर्शनवर. रविवारी सकाळी आमच्याकडे शेजारपाजारचे मिळून खोलीभर लोक टीव्हीसमोर बसत. राम आला की हात जोडायचे, मंथरा आली की बोटं मोडायची, असा शिरस्ता. आमच्या त्याच मावशी मात्र मंथरेच्या वेळी पुढे सरकून बसत आणि मान डोलवत. धंद्यातलं माणूस धंद्यातल्या माणसाला बघतं तशा.

रामानंद सागरांनी बाईंना कौसल्या द्यायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे. कैकेयीने दोन वर मागितले. दशरथ कोसळला. राम वल्कलं नेसून निरोप घ्यायला आला. कौसल्येने मान तिरकी केली, डोळा बारीक केला आणि कैकेयीच्या महालाकडे बघून विचारलं, "कोण पाठवतंय माझ्या पोराला वनात?"

संपलं. वनवास नाही, हरण नाही, लंका नाही. पुढच्या रविवारपासून त्या वेळेत दूरदर्शनला 'आमची माती, आमची माणसं' लावावं लागलं असतं.