शेजारचा पूल

“काकू, दुपारची झोप झाली का? की आमच्या पंपानं मोडली?”

“झोपतेय कसली! सकाळी मन्या म्हणाला, आज शुभाताईंचा पूल उघडतोय. मी विचारात पडले, या अमेरिकेतल्या एडिसनात कुठली नदी, कुठला पूल, नि फीत कापायला मंत्री कोण येणार! बघते तर तुझे यजमान अर्ध्या चड्डीत, घोटाभर पाल्यात.”

“मंत्री बरा हो, फीत कापून निघून तरी जातो. हे सकाळपासून त्या ताडपत्रीशी झुंजतायत. ऑक्टोबरात हौदावर घातली, आता मे उजाडला. मधला सगळा पाऊस, बर्फ आणि तुमच्या मेपलचा पाला वर साठलेला.”

“आमच्या मेपलचा?”

“म्हणजे... वाऱ्यानं येतो हो. त्याला तुम्ही काय करणार?”

“मग ते काळं पाणी आधी उपसायचं ना?”

“तेच मी सांगत होते! वर छोटा पंप ठेवायचा, पाणी उपसायचं, जाळीनं पाला काढायचा, मग दोघांनी दोन टोकं धरून घडी करत न्यायची. पण माणसं बोलावून पैसे का घालवा, हे ह्यांचं पहिलं पालुपद. आणि ‘थोडंसंच राहिलंय, धर तू’ हे दुसरं. धरलं. तुम्हाला म्हणून सांगते, टोक माझ्या हातून सुटलं. त्यांना वाटतंय त्यांच्या हातून. सगळा काढा हौदात!”

“अगं बाई! मग उपसून टाका ना सगळंच. वाईला आमच्या वाड्यातली विहीर वैशाखात उपसायचे, गाळ काढायचे.”

“सोळा बाय बत्तीस फुटांचा हौद आहे, काकू. २०,००० गॅलन. लिटरमध्ये ७५,००० च्या वर.”

“म्हणजे दहा हजारी टँकर साडेसात! आमच्या सोसायटीत एका टँकरवरून डोकी फुटतात.”

“बिलाचं सोडा, रिकामा करायचीच भीती. बर्फ वितळला की जमिनीतलं पाणी वर येतं. आतलं वजन गेलं तर ते खालून हौदालाच उचलतं. सिमेंटचे हौदसुद्धा वर येतात. आमच्यासारखं प्लास्टिकचं अस्तर असेल तर ते आकसतं.”

“जमिनीतून हौद वर येतो! मग या काढ्याचं करणार काय?”

“गाळणार. नळ्यांची बुचं काढून झाली. थंडीत नळीत पाणी राहिलं तर गोठून नळी फोडतं, म्हणून ऑक्टोबरात हवा मारून पाणी काढायचं नि बुचं बसवायची. आता बागेच्या नळानं, काठावरून पाणी आत ओढणाऱ्या स्किमरच्या निम्म्या तोंडापर्यंत भरलं. पंपाच्या भांड्यात पाणी ओतूनच तो लावायचा, नाहीतर नुसती हवा ओढत बसतो. मग तपासणी. आधी अल्कलिनिटी, ८० ते १२० पीपीएम. मग पीएच साडेसातच्या आसपास. आणि क्लोरीनचा मोठा डोस दिवस मावळल्यावर, उन्हात ते लगेच उडतं.”

“आणि तुरटी नाही का फिरवत?”

“हसाल तुम्ही! गाळ खाली बसवायची पावडर मिळते, डब्यावर लिहिलेलं असतं ॲल्युमिनियम सल्फेट. तुरटीचीच सख्खी बहीण.”

“बघ, कळशीतली अक्कल डब्यात घालून विकतात! पण एवढी घाई कशाला? मी अजून स्वेटरात आहे.”

“घाई पोहायची नाही हो, शेवाळ्याच्या आधी पोचायची. पाणी पंधरा-सोळा अंशांच्या वर गेलं की ते धरतं. कोपऱ्यावरच्यांनी गेल्या वर्षी मेमोरियल डेला, मेच्या शेवटच्या सोमवारी, पाहुणे आधी बोलावले नि ताडपत्री मग काढली. आत हिरवंगार! एक बेडूक टुणकन् थेट पाहुणीच्या खुर्चीखाली. मंडळी कणसं खाऊन परतली.”

“आणि हे पोहणं चालतं कधीपर्यंत?”

“लेबर डेपर्यंत. सप्टेंबरचा पहिला सोमवार. जेमतेम शंभर दिवस. त्यात पोहतं कोण? मुलं कॉलेजात. हे गुडघ्यापर्यंत उतरतात, मी काठावर चहा घेते.”

“मग बुजवून टाका. छान अळू लाव.”

“मनात येतं हो. पण मग कुंपणही जायचं. हौद आहे म्हणून नियमानं हे चार फुटी कुंपण, आपोआप कडी लागणारं फाटक. हौद गेला की हे म्हणतील, कुंपण रंगवायचा खर्च कशाला? मग तुम्ही टेकणार कशावर?”

“असं आहे होय? मग राहू दे बाई हौद.”

“थांबा, हे हाक मारतायत. ... काय हो? ... विचारतायत, टोक नक्की कोणाच्या हातून सुटलं?”

“जावईबापू, तुमच्याच! खिडकीतून मी स्वतः पाहिलं!”