भिंतीला भांग, घराला शुद्ध

घर बांधणाऱ्याला सल्ले देणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नसते. पण 'भिंती भांगेच्या करतोय' असं कुणी सांगितलं, की सल्लागारांचीही क्षणभर दातखीळ बसते. मग हमखास पहिली शंका येते : आग लागली तर अख्खी आळी झिंगेल का?

झिंगणार नाही. भिंतीत जातो तो औद्योगिक भांगेचा नुसता दांडा, आणि त्यात नशेचं द्रव्य औषधालाही सापडायचं नाही. शिवाय चुन्यात मुरलेली ही भिंत सहजासहजी पेटतही नाही.

दांड्याची साल सोलून धागा काढला, की आतला लाकडासारखा गाभा उरतो. त्याचे तुकडे फ्रान्समध्ये तबेल्यात घोड्यांखाली अंथरतात. १९८६ साली नोजां-स्यूर-सेन गावात लाकडी चौकटीच्या एका जुन्या घराची डागडुजी निघाली, तेव्हा शार्ल रासेत्ती यांनी हे तुकडे चुन्यात कालवून भिंतीत भरले. घोड्यांचं मत कुणी विचारल्याची नोंद नाही.

कृती सोपी. गाभा, चुना आणि बेताचं पाणी. मूठ आवळली की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. हातमोजे मात्र हवेतच; चुना काय करतो, हे पानाच्या शौकिनांना वेगळं सांगायला नको. लाकडी सांगाड्याला दोन्हीकडून फळ्या ठोकायच्या, मधे थरावर थर भरायचे आणि हलकेच दाबायचे. इथे दांडगा गडी कामाचा नाही. त्याने जोर लावून ठोकलं तर आतली हवा निघून जाते, आणि घराचा गारवा-ऊब राखते ती हीच हवा.

काँक्रीटचं वजन घनमीटरला २,४०० किलोच्या आसपास. हे मिश्रण जेमतेम ३०० ते ४०० किलो. त्यामुळे भिंत छप्पर पेलत नाही. घरजावयासारखी ती ऐसपैस जागा अडवते, वातावरण थंड ठेवते, भार मात्र सांगाड्यावर!

फूटभर जाडीची भिंत वाळायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. वास्तुशांतीचा मुहूर्त आधीच काढून बसलेल्यांची पंचाईत होते ती इथे.

हे फिरंगी खूळ म्हणावं, तर वेरूळ आडवं येतं. तिथल्या लेण्यांच्या गिलाव्यात भांग मिसळलेली असल्याचं राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई यांनी 'करंट सायन्स'मध्ये २०१६ साली मांडलं. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि तिथल्या चित्रांवर किड्यांनी चांगलाच ताव मारला आहे. वेरूळच्या कारागिरांनी भांग पोटाऐवजी भिंतीला दिली, हे आपलं नशीब.

धागा किंवा बियांसाठी भांग पिकवायला १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात परवानगीची वाट आहे. उत्तराखंडाने २०१८ साली ती धरली आणि यमकेश्वर भागात भांग-चुन्याच्या खोल्याही उभ्या राहिल्या. तेव्हा हौस असेल तर रीतसर माल आणा. परसात गुपचूप रोपं लावाल, तर घर मिळेल ते सरकारी, आणि भिंती पक्क्या दगडी.